नोंद नाही तर वस्तू नाही

सरांच्या घरी मीठ 'ल'मध्ये असायचं. 'ल' म्हणजे लवण. स्वयंपाकघरातले सगळे डबे त्यांनी मुळाक्षरांप्रमाणे लावले होते, आणि डब्यावर शुद्ध शब्दच लिहायचा असा दंडक होता. काकूंना आमटीत मीठ घालायचं तर गॅस सोडून खिडकीजवळच्या फळीपर्यंत जावं लागायचं. साखरेच्या डब्यावर चिठ्ठी होती, 'शर्करा. पाहा : गूळ.' गुळाच्या डब्यावर, 'पाहा : शर्करा.' मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले तेव्हा चहा बिनसाखरेचा आला. काकू ओशाळून म्हणाल्या, "आज सापडलीच नाही गं. काल यांनी पुन्हा सगळं लावलंय."

सरांनी कागदातून मान वर न काढता सांगितलं, "सापडत नाही असं काही नसतं. तुम्ही चुकीच्या अक्षरात पाहता."

"नोंद नाही तर वस्तू नाही," हे त्यांचं लाडकं वाक्य. वर्गात म्हणायचे, लग्नाच्या पंगतीत म्हणायचे, दाढदुखीवर डॉक्टरांकडे गेले तेव्हा तिथेही म्हणाले. जन्मभर त्यांनी नगरच्या कॉलेजात मराठी शिकवलं. शिकवलं म्हणजे हजेरी घेतली आणि घसा साफ केला. मी त्यांच्या वर्गात होते, म्हणून छातीठोकपणे सांगते.

आमचं दुकान दिल्ली गेटच्या आत आहे. मूळचं अब्बांचं बाइंडिंगचं. त्याच्या एका कोपऱ्यात मी कॉम्प्युटर टाकला, आणि लग्नपत्रिकांपासून पीएचडीच्या प्रबंधांपर्यंत सगळं टाइप करायला लागले. आमच्या जिल्ह्यात प्राध्यापक निवृत्त झाला की ग्रंथ लिहितो. त्यातले बहुतेक संतवाङ्मयावर लिहितात. सरांनीही निवृत्तीनंतर नेवाशाला दोन-चार चकरा मारल्या. पण तिथे आधीच इतके विद्वान बसलेले होते की प्रत्येक ओवीला एकेक धनी होता. सरांना बसायला जागाच मिळाली नाही. मग त्यांची नजर बाईंवर गेली. बाईंवर कुणीच काही लिहिलेलं नव्हतं, आणि बाई हयात होत्या, म्हणजे विचारायचीही सोय होती.

बाई म्हणजे अकोले तालुक्यात डोंगराच्या कुशीत, धरणाच्या कडेला असलेल्या एका गावातल्या प्राथमिक शाळेच्या बाई. भाताची खाचरं, दोन म्हशी आणि सहा कादंबऱ्या, एवढा त्यांचा संसार. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. त्यांच्या कादंबऱ्यांत धरणाच्या पाण्याखाली एक मुलूख आहे. सोनकी नावाची पोरगी बुडालेल्या देवळाच्या पायऱ्या उतरून तिथे जाते. पाण्याखाली बाजार भरतो, बगळे बोलतात, एक राणी न्यायनिवाडा करते. हे सगळं छान आहेच. पण बाईंची पुस्तकं ज्याच्यासाठी आम्ही पोरं उशाशी घेऊन झोपायचो ते वेगळंच होतं. ते पल्याडच्या काठावर होतं.

ते काय होतं हे बाईंनी कधी लिहिलं नाही. तिकडच्या गावांत दिवेलागणीनंतर काही गोष्टींचं नाव घेत नाहीत. सापाला लांबडं म्हणतात. वाघाबद्दल तर नुसतं "येऊन गेला" एवढंच म्हणतात आणि ऐकणारा पुढे विचारत नाही. नाव घेतलं की येतं, असं सरळ गणित आहे. बाईंनी सहाच्या सहा पुस्तकांत तेच पाळलं. 'काल पल्याड येऊन गेलं', एवढंच वाक्य. मग ओल्या मातीत काहीतरी दबलेलं, एक फांदी वाकलेली, आणि पाण्याला तोंड न लावणारी गाय. मी दहा वर्षांची असताना तिसगावला नानीकडे पहिलं पुस्तक वाचलं, आणि नंतरची सगळी सुट्टी अंधार पडल्यावर परसात एकटी गेले नाही. तिसगावात तर धरणही नाही, डोंगरही नाही, पाण्याचीच बोंब. तरी मला ते आमच्या बाभळीमागे उभं असल्यासारखं वाटायचं. एवढं सुखाचं भय मला पुन्हा कुठल्या पुस्तकाने दिलं नाही.

कॉलेजात तेच पुस्तक माझ्या मांडीवर असताना सरांनी पकडलं. ओला मोजा उचलावा तसं दोन बोटांनी उचललं आणि म्हणाले, "ही पोराटोरांची पुस्तकं. वाङ्मय वाचा." पुढे बाईंचं नाव झालं. पुण्याची माणसं गाड्या करकरून अकोल्याला जायला लागली, धरणाच्या काठच्या त्या घाटावर उभं राहून फोटो काढायला लागली. तेव्हा सरांच्या ध्यानात आलं की बाईंची गुणवत्ता सर्वांत आधी आपणच ओळखली होती. प्रस्तावनेत तसं वाक्य आहे. ते टाइप करताना माझे हात शिवशिवत होते.

ग्रंथाचं नाव 'वाटाड्या'. खाली बारीक अक्षरात : लेखिकेचे जीवन, साहित्य आणि सृष्टी यांचा समग्र परिचय. बाईंच्या पुस्तकांतली प्रत्येक व्यक्ती, जागा, झाड, भांडं, पक्षी, सगळं अकारविल्हे. प्रत्येक नोंदीच्या शेवटी 'उगम'. म्हणजे ही गोष्ट बाईंनी कुठून उचलली. आपल्या मनाने कुणी काही रचू शकतं यावर सरांचा विश्वास नव्हता. त्यांनी स्वतः कधी रचलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना तसा अनुभव नसावा.

मे महिन्यातही अंगात बिनबाह्यांचं जाकीट, त्याच्या एका खिशात चार रंगांची पेनं आणि दुसऱ्यात शिंप्याचा टेप. महिन्यातून एकदा अकोल्याला जायचे आणि मापं घेऊन यायचे. घाटाच्या पायऱ्यांची मापं घेतली, विहिरीचं घेतलं, बाई ज्या पाटावर वही टेकवून लिहायच्या त्या पाटाचं घेतलं. पण सगळ्यांत पहिलं माप घेतलं ते म्हशीचं. म्हशीने टेपचं टोक चावलं, तेव्हापासून सरांचा टेप एका इंचापासून सुरू व्हायचा, आणि 'वाटाड्या'तली सगळी मापं एक इंचाने चुकलेली आहेत. हे मी त्यांना दाखवलं होतं. ते म्हणाले, "सगळीच सारखी चुकली असतील तर ती चूक धरत नाहीत."

पाण्याखालची राणी म्हणजे बाईंची सासू, असं त्यांनी ठरवलं. बाई म्हणाल्या, "न्हाई हो सर. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्त्या. मी त्यांना पाह्यलंबी न्हाई." सरांनी नोंदीत लिहिलं, 'लेखिका हे आग्रहाने नाकारतात, यावरूनच त्यामागील सत्य ध्यानी यावे.'

इथपर्यंत मी हसत होते. दुसऱ्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीने माझं हसू गेलं. त्यात सोनकी एका रात्रीत धरणाला वळसा घालून पहाटे देवळाशी पोचते. सर ते अंतर चालून आले. निम्म्यात पाय सोलले, उरलेलं दुधाच्या टेम्पोतून केलं, आणि तसेच लंगडत बाईंच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "बाई, एका रात्रीत शक्य नाही. दोन दिवस लागतात." नव्या आवृत्तीचं हस्तलिखित माझ्याकडे आलं तर 'एका रात्रीत' खोडून बाईंच्या अक्षरात 'दोन दिवसांनी' केलेलं. मी फोन लावला.

"बाई, हे का बदललं?"

"अगं, एवढे शिकलेले सर पायाला फोड आनून सांगत्यात. मग काय म्हनू?"

"ती सोनकी आहे बाई. तिला कशाला दोन दिवस?"

"मला बी तसंच वाटतं," बाई म्हणाल्या.

मला सरांचा राग आला, पण बाईंचाही आला. जन्मभर शाळेत साहेब आला की उभं राहायचं, त्याने बोट दाखवलं की फळा पुसायचा. त्या सवयीला एक कॉलेजातला प्राध्यापक म्हणजे साहेबांचा साहेब. सहा पुस्तकं लिहून पाण्याखाली राज्य उभं करणारी बाई टेप लावलेल्या माणसापुढे पदर सावरून उभी राहायची. त्या वेळी बाईंचं सातवं पुस्तक चालू होतं. शेवटचं. सोनकी आता मोठी झालेली, आणि ती नाव वल्हवत पल्याड जायला निघते, असं ते होतं. बाई लिहीत तसतशी पानं अकोल्याच्या एसटीच्या कंडक्टरजवळ द्यायच्या, मी स्टँडवर जाऊन घ्यायचे. निम्मं पुस्तक आलं होतं. नाव मधल्या पाण्यात होती. "एवढं झालं की मी मोकळी," बाई म्हणायच्या. "याच्यासाठीच बाकीचं लिवलं." मीही लहानपणापासून त्याचीच वाट पाहत होते, आणि माझ्यासारखे किती असतील कोण जाणे.

आणि इकडे सरांचं घोडं अडलं होतं. पल्याड जे येतं त्याला कुठल्या अक्षरात टाकायचं?

त्यासाठी आम्ही दोघं अकोल्याला गेलो. मला प्रुफं दाखवायची होती, सरांना त्याचं नाव काढून घ्यायचं होतं. त्यांनी मुद्दाम संध्याकाळची वेळ धरली, कारण माणसं तेव्हा पारावर सापडतात. पाच-सहा म्हातारे बसलेले. सरांनी मोबाईलवर रेकॉर्डिंग लावलं, फोन मध्ये ठेवला आणि वर्गातल्या आवाजात विचारलं, "पलीकडच्या काठावर जे येतं असं आपण मानता, त्याचं नाव काय?"

एक जण उठला आणि चपला घालून निघाला. दुसऱ्याला शेळी बांधायची आठवण झाली. तिसरा विडी विझवून गेला. सर प्रत्येकाच्या पाठीला तोच प्रश्न विचारत होते. शेवटी एक अगदी थकलेले आजोबा उरले, तेही गुडघे दुखत होते म्हणून. ते म्हणाले, "सायेब, दिस बुडला. असलं काय इचारू नका. घरला जावा." आणि काठी टेकत तेही गेले. पारावर सर, मी आणि चालू असलेला मोबाईल. ते रेकॉर्डिंग सरांनी मला नंतर पुन्हा ऐकवलं. त्यात सरांचाच आवाज आहे, मधून मधून शेळीचा.

मग बाईंच्या ओट्यावर. "बाई, निदान तुम्ही तरी सांगा. निर्मात्याला नाव माहीत असलंच पाहिजे."

"नाव न्हाई सर त्याला."

"नाव नसेल तर नोंद कशी करू? आणि नोंद नाही तर वस्तू नाही."

"नका करू नोंद."

"अहो, सहाही पुस्तकांत ज्याच्यावर सगळा डोलारा उभा आहे, तेच ग्रंथात नाही म्हटल्यावर लोक मला हसतील."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, राहू द्या ना. एक गोष्ट राहिली तर काय बिघडतं?" सर म्हणाले, "तू टाइप कर. शंका घेणं तुझ्याकडे नाही." बाई उठून दिवा लावायला आत गेल्या. त्यांनी नाही म्हणायला पाहिजे होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "सरांचं पुस्तक हाय. सरांनी काय ते बघावं."

सरांनी बघितलं. पंधरा दिवसांत 'ज'मध्ये नोंद तयार. 'जलतमस.' हे नाव त्यांनी स्वतः घडवलं, आणि त्यांच्या हयातीत त्यांनी घडवलेली ती एकमेव गोष्ट. रंग काळसर करडा. उंची, वाकलेल्या फांदीवरून काढलेली. आहार, स्वभाव, पावलाचं माप. उगम : 'लेखिकेच्या बालपणी धरणात पोहावयास उतरलेला एखादा रेडा असावा.' शेजारी पूर्ण पानभर चित्र. ते एका चित्रकलेच्या शिक्षकांकडून काढून घेतलं होतं. रेड्याला रेनकोट घातल्यासारखं दिसत होतं.

मी म्हटलं, "सर, याला कोण भिणार?"

"भय अज्ञानातून येतं," सर म्हणाले. "मी वाचकांचं अज्ञान दूर करतो आहे."

आम्ही त्या अज्ञानासाठीच पुस्तकं वाचली होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी हिरव्या पेनाने काहीतरी टिपून घेतलं.

'वाटाड्या' निघाला. अब्बांनी कापडी बांधणी केली. अब्बांना मजकुराशी देणंघेणं नाही, पण त्यांनी बांधलेलं पुस्तक सुटत नाही, एवढी माझी तक्रार आहे. प्रकाशनाला बाईंना शाल-नारळ देऊन खुर्चीत बसवलं आणि सर त्यांच्याबद्दल तासभर बोलले. बाईंना बोलायला वेळ उरला नाही. शाळांना प्रती वाटल्या गेल्या, त्यातल्या काही बाईंच्याच गावच्या शाळेत गेल्या.

त्यानंतर एसटीने पानं यायची थांबली. मी दर आठवड्याला स्टँडवर जायचे. कंडक्टर लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा. फोन केला की बाई पाऊसपाण्याचं बोलायच्या. शेवटी मीच गेले. ऊन कलताना पोचले तर धरणाच्या काठावर पोरं जमली होती आणि पल्याडच्या बाजूला तोंड करून ओरडत होती, "जलतमस, ये. जलतमस, रेड्या, ये." चित्र दप्तरात घेऊनच आली होती. दिवेलागण झाली तरी चालू होतं. आधी त्या वेळेला त्या काठावर चिटपाखरू दिसायचं नाही.

बाई ओट्यावर बसून ऐकत होत्या.

"बग," त्या म्हणाल्या. "पोरं हाका मारत्यात आन् ते ओ बी देत न्हाई. रोज लिवायला बसते मी. नाव पाण्यात हाय, सोनकी वल्हं मारती. पल्याड काय हाय म्हनून बगाया जावं तर सरांचा रेडा हुबा. आता तिला कशाला तिकडं न्यायची?"

मला रडू आलं. बाईंना नाही आलं. त्या तांदूळ पाखडत बसल्या.

सरांना मी परत येऊन सांगितलं. मला वाटलं, निदान एक क्षण तरी त्यांच्या तोंडचं पाणी पळेल. ते म्हणाले, "मग दुसऱ्या आवृत्तीत तशी नोंद घ्यायला हवी." आणि तिथल्या तिथे मला सांगितली. 'सातवे पुस्तक : अपूर्ण. पाहा : लेखिकेचे वार्धक्य.' मी ती टाइप करायला नकार दिला. त्यांनी ती दुसरीकडून करून आणली. दुसऱ्या आवृत्तीत आमच्या बांधणीच्या आत ते एक पान वेगळ्या फॉन्टमध्ये आहे, ओळखू येतं.

गेल्या पावसाळ्यानंतर सर गेले. दुपारचे झोपले ते उठले नाहीत. शोकसभेत सगळे त्यांच्या ज्ञानाबद्दल बोलले, आणि 'वाटाड्या' वाचल्याचं कुणाच्याच बोलण्यात आलं नाही. मी काकूंना भेटायला गेले तेव्हा चहा गोड होता. काकूंनी डबे हलवले होते. मीठ गॅसशेजारी, साखर चहाशेजारी. चिठ्ठ्या मात्र तशाच ठेवल्या होत्या. "असू देत," काकू म्हणाल्या. "त्यांचं अक्षर चांगलं होतं." एवढ्या वर्षांत सरांबद्दल ऐकलेला तेवढा एकच चांगला शब्द मला खरा वाटला. उरलेल्या प्रतींचं काय करायचं ते त्यांनी विचारलं. रद्दीवाल्याला पुठ्ठा जड वाटत होता.

बाईंना ही बातमी फोनवर सांगवेना म्हणून मी अकोल्याला गेले. पोचायला संध्याकाळ झाली. काठावर पोरांचं ओरडणं चालूच होतं, आता नुसती सवय म्हणून. मी ओट्यावर टेकले आणि सरांचं पूर्ण नाव घेऊन सांगायला सुरुवात केली.

बाईंनी हात वर केला. "नाव नगं घेऊ. दिवा लागलाय."

मला वाटलं त्या थट्टा करतायत. पण त्यांचा चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. त्या पल्याड बघत होत्या.

"गेले का?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. मग म्हणाल्या, "पोरं बोलवत्यात ते काय येत न्हाई. पन हे येतील बग, न बोलवता. लई चिवट मानूस." आणि उठून त्यांनी खिडकीची दारं लावून घेतली. त्या घरात खिडकी लावलेली मी प्रथमच पाहिली.

मागच्या महिन्यात कंडक्टरचा फोन आला, पाकीट आहे म्हणून. बाईंचंच अक्षर. सोनकीची नाव जिथे अडकली होती तिथूनच पुढे. पहिली ओळ अशी, 'काल पल्याड येऊन गेलं. घाटाच्या ओल्या पायऱ्या कुणीतरी मोजून ठेवल्या होत्या.' पुढे सोनकी काठाला लागते. पाणवठ्यावर एक म्हातारी मान खाली घालून उभी आहे, तिला कुणीतरी तिचं नाव विचारून गेलंय, आणि ती आता ते आठवते आहे. मी भर दुपारी टाइप करत होते. दुकानात लग्नपत्रिकेचं गिऱ्हाईक बसलेलं, अब्बा खळ ढवळत होते, आणि मी खुर्चीत पाय वर घेतले. अब्बांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "उंदीर." त्यानंतर दर आठवड्याला पाकीट येतंय. जलतमस त्यात कुठेच नाही. आणि सोनकी पुढच्या घाटापर्यंत एका रात्रीत गेली आहे.

हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, की एवढ्या सगळ्यात मी सरांचं नाव एकदाही घेतलेलं नाही. त्यात आदर मुळीच नाही. आता बाहेर दिवे लागलेत, अब्बा मघाशीच पुढे गेलेत, आणि दुकान बंद करून मला एकटीला घरी जायचंय.